काचपंखी पतंग

प्रा. रामनाथ तरे यांचं जगाबद्दलचं मत वाईट होतं आणि भिवंडीबद्दलचं त्याहून वाईट. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवता शिकवता त्यांना पतंगांचा, म्हणजे दिव्यावर झेपावणाऱ्या पाखरांचा, नाद लागला. २००७ साली घरी इंटरनेट आलं, तसे लोक ओळख पटवायला फोटो पाठवू लागले. सरांचं उत्तर ठरलेलं असे : ‘सामान्य जात. असले पाठवू नयेत.’ खारबावच्या एका इंजिनिअरने चुकून झुरळ पाठवलं. त्याला सरांनी उत्तर दिलं नाही, पण स्टाफरूममध्ये त्या झुरळाचा किस्सा वर्षभर पुरवला.

सरांना हवा होता स्वतःच्या नावाचा पतंग. पंचाईत अशी की शास्त्रात आपलं नाव आपणच ठेवत नाहीत, ते दुसऱ्याने ठेवावं लागतं. आणि दुसऱ्यांशी सरांचं कधी जमलंच नव्हतं.

अशात कामतघरच्या केसरीनाथ भोईर या पॉवरलूमवाल्याचा फोटो आला. गोदामासाठी जमीन विकून त्याने लूम वाढवले होते आणि उरलेल्या हौसेचा कॅमेरा घेतला होता. फोटोत कारखान्याच्या भिंतीवर एक पतंग, पंख काचेसारखे आरपार, ठिपका म्हणून नाही. सरांनी तो तडक बंगलोरच्या तज्ज्ञांना धाडला. आजवर ज्यांनी सरांना पोचही दिली नव्हती, त्यांचं उत्तर त्याच दिवशी : ‘जुना, झिजलेला पतंग वेडावाकडा झिजतो. हा दोन्ही बाजूंनी सारखा नितळ आहे. असाच दुसरा दाखवा. नवी जात ठरली तर नाव तुमचं देऊ.’

“पतंगाचं नाव रामनाथी,” सर बायकोला म्हणाले, “कसं वाटतं?”

“डासांच्या अगरबत्तीसारखं,” मृणालीबाई म्हणाल्या.

सकाळी सर नाकाला रुमाल लावून कामतघरला पोचले. केसरीनाथने पिवळ्या फडक्याने खुर्ची पुसली, चहाचा कप पुसला, आणि सरांची बॅगही पुसायला घेतली.

“राहू द्या हो!”

“कापसाची रुई बसते ना सर. आमचे इथं जरा उभा रायला का मानूस पन म्हातारा दिसतो.”

“तो पतंग कुठे होता?”

“ह्ये काय, भिंतीवं. टूबलाईटीखाली सकाली लय असतान.”

भिंतीवर तपकिरी, नक्षीदार, सरांच्या भाषेत भिकार असे पतंग बसले होते. काचेचा एकही नव्हता.

“हा कचरा आहे, केसरीनाथ. तुमच्या फोटोतला दाखवा.”

“त्योच हाय त्यो! थांबा.”

केसरीनाथने एका पतंगाला बोटाने अलगद धरलं आणि चष्मा पुसावा तसे फडक्याच्या कोपऱ्याने त्याचे पंख पुसले. आधी एक, मग दुसरा. फडक्याला तपकिरी पूड लागली.

“तुमाला पाठवायचा व्हता. असा घान कसा पाठवनार? फोटो काराचा तं पुसून काराला नको?”

पतंगाच्या पंखावरचा रंग म्हणजे नुसती पूड, ती गेली की ओळख गेली, हे सर दरवर्षी शिकवत. परीक्षेतही विचारत.

“काय सर, भारी जात हाय ना?”

सरांना त्याची शिसारी आली. असल्या अडाण्यांच्या हातात कॅमेरे देणाऱ्या काळाचीही आली. अशा माणसाला काही सांगण्यात अर्थच नव्हता. मग त्यांना बंगलोरचं उत्तर आठवलं. ते भिंतीजवळ गेले, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

“डाव्या पंखाच्या टोकाला राहिलंय,” सर म्हणाले.

“पुसतो ना.”

“तुम्हाला नाही जमायचं. एक काम धड येत नाही तुम्हा लोकांना,” असं म्हणून सरांनी पिवळ्या फडक्यासाठी हात पुढे केला.