लाल फुलीची गाडी

"स्ट्रेचर काढ आणि गॅरेजच्या भिंतीला लावून ठेव," हेडक्लार्क रंगराव म्हणाले. "ते आत असलं तर सोफा मावायचा नाही."

भिमाजी गाडीच्या मागच्या दारात घुटमळला. "आन् तेवढ्यात कुनाला लागलं तर?"

"दोन तासांत कुणाला लागतंय? नीघ आता. पुण्याच्या कॅम्पातलं दुकान दुपारी बंद होतं, आणि बाईसाहेबांना आज सोफा हवाय."

पंचावन्न साल होतं. पिंपरीच्या माळावर एका कंपनीच्या कारखान्याचं बांधकाम चाललं होतं. ठेकेदाराची दोनेकशे माणसं पाया खणत होती, तुळया चढवत होती. अशा कामावर हातपाय मोडायचेच, म्हणून कंपनीनं दोन्ही अंगांना लाल फुली रंगवलेली पांढरी गाडी घेतली होती. निदान कागदावर तरी तिचं कारण तेच होतं. भिमाजी चऱ्होलीचा. लढाईत ब्रह्मदेशच्या आघाडीवर त्यानं अशीच गाडी हाकली होती, म्हणून ही त्याच्या हाती आली. त्याला वाटलं होतं, पुन्हा माणसं वाचवायचं काम मिळालं. पण आठ महिन्यांत गाडीतून जखमी गेले तीन. बाकी सगळ्या खेपा साहेबांच्या पाहुण्यांच्या, बाईसाहेबांच्या कुंड्यांच्या आणि बर्फाच्या लाद्यांच्या. एकदा तर साहेबांचं विलायती कुत्रं पोट बिघडलं म्हणून त्याच गाडीतून ऐटीत पुण्याला जाऊन आलं. भिमाजी दर वेळी मूग गिळून बसला. पुढच्या खेपेला नाही म्हणू, असं तो बायकोला सांगायचा, आणि पुढच्या खेपेला गाडी धुऊन तयार ठेवायचा.

त्यानं स्ट्रेचर काढून भिंतीला लावलं.

कॅम्पात चार हमालांनी घाम गाळून सोफा आत कोंबला. सायीच्या रंगाचा, मऊ, गुबगुबीत. त्याच्या कडेनं एक पाऊल ठेवण्यापुरती तळाची फळी तेवढी मोकळी राहिली. परत येताना दापोडीचा पूल ओलांडून भिमाजी कासारवाडीपाशी आला, तर समोरून ठेकेदाराची बैलगाडी येत होती. गाडीवान कोंडीराम उभा राहून दोन्ही हात हलवत होता. मागे पोत्यांवर एक माणूस आडवा पडला होता.

"कुठं गेला व्हतास रं?" कोंडीराम जवळजवळ रडतच म्हणाला. "समदा माळ पालथा घातला तुज्या गाडीपायी. तुळई पडली ह्याच्या मांडीवर. मुकादम म्हनला, बैलगाडीनंच न्ये पुन्याला."

"संगं दुसरं कुनी न्हाई?"

"येत व्हते की दोघं. मुकादम म्हनला, जो जाईल त्यानं उद्या कामावर येऊ नगं."

पोत्यावरचा माणूस चाकणकडचा चिमाजी. भिमाजीनं त्याला पाट्या वाहताना पाहिला होता, पण कधी बोलणं झालं नव्हतं. आता त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि पोतं रक्तानं थबथबलं होतं. भिमाजीच्या हातांना काम आठवलं. त्यानं चिमाजीचाच पटका सोडून मांडीच्या वरच्या अंगाला आवळला, गाठीत गाडीतला लोखंडी पान्हा खोचला आणि पिळत नेला. रक्त थांबलं. असे कितीतरी त्यानं जंगलातून जिवंत आणले होते. पुणं इथून अर्ध्या तासावर होतं. तोवर पान्हा जागचा हलला नाही, तर हा माणूस जगणार होता.

दोघांनी सोफा खाली ओढायचा प्रयत्न केला. चार हमालांचं ओझं ते, दोघांना कसलं हलतंय. स्ट्रेचर तिकडे भिंतीला टेकून उभं. मग सोफ्यावरच निजवायचं ठरलं. आणि इथं भिमाजीच्या हातून ती गोष्ट झाली. त्यानं विचारही केला नाही. बैलगाडीतलं एक कोरडं पोतं ओढलं आणि सोफ्यावर नीट, कोपऱ्यापर्यंत अंथरलं.

चिमाजी ते बघत होता.

"कुनाचं हाय हे?" आत निजवल्यावर त्यानं विचारलं.

"सायबाचं. तू गप पड."

"मला खालीच टेकवा, भाऊ. रगत लागलं तर तुमची नोकरी जाईल."

"जाऊ दे गेली तर. हा पान्हा असाच धरून ऱ्हा. काय बी झालं तरी हलू नगंस."

बैल भर रस्त्यात सोडून कोंडीरामला येता येईना. भिमाजीनं एकट्यानं गाडी वळवली. पुढच्या आणि मागच्या भागात पत्र्याचा आडोसा होता. तो मधूनमधून हाक मारायचा, "चिमाजी!" आणि मागून "व्हय" यायचं. खडकीपर्यंत दोनदा आलं. तिसऱ्या हाकेला काहीच आलं नाही. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पायानं ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला.

दवाखान्याच्या दारात त्यानं मागचं दार उघडलं. सोफा रिकामा होता. चिमाजी खालच्या फळीवर, जेमतेम वीतभर जागेत, अंग चोरून पडला होता. उतरताना पान्हा निसटला असणार. तो दारापाशी घरंगळत आला होता, आणि पटका सैल होऊन गुडघ्यापर्यंत घसरला होता. फळीवर पाय ठेवायला कोरडी जागा नव्हती.

"बांधलं होतं चांगलं," चिमाजीच्या तोंडावर चादर ओढून तरुण डॉक्टर हात धूत म्हणाला. "मग सुटलं कसं?"

भिमाजीला उत्तर ठाऊक होतं.

संध्याकाळी बंगल्याच्या दिवाणखान्यात सोफा लागला. साहेबांना सगळं कळलं होतं. त्यांनी सोफ्याभोवती एक फेरी मारली, वाकून मागची बाजू पाहिली, गादी उचलून पाहिली.

"एकही डाग नाही," ते म्हणाले आणि त्यांनी भिमाजीच्या खांद्यावर थाप मारली. "शाबास."

लढाईत त्यानं शिव्या खाल्ल्या होत्या, एकदा गोळीही खाल्ली होती. पण ह्या शाबासकीइतकं काहीच लागलं नव्हतं. त्या रात्री त्याला साहेबाचा राग आला, मुकादमाचा आला, रंगरावांचाही आला. पण डोळे मिटले की दिसायचे ते पोतं अंथरणारे स्वतःचेच हात.

चौथ्या दिवशी चिमाजीची बायको ठकुबाई ऑफिसात आली. अपघातात कंपनीचा काही दोष नाही, अशा कागदावर तिचा अंगठा हवा होता. "बाई, बाकावर बसा," असं म्हणून रंगराव शाईचा डबा शोधायला आत गेले. ठकुबाई बाकाकडे बघून दाराजवळ जमिनीवर बसली. भिमाजी दारात उभा होता.

"तुमीच व्हता न्हवं संगं?" तिनं विचारलं. "शेवटाला काय बोलले का?"

तुझं नाव घेतलं, असं सांगता आलं असतं. चार दिवस त्यानं तेच घोकलं होतं. पण तिच्यासमोर ते जिभेवर येईना. तो तिच्यापुढं जमिनीवर बसला आणि त्यानं सारं सांगून टाकलं. सोफा, पोतं, पान्हा, काही लपवलं नाही. "पोतं म्या आंथरलं, बाई. त्ये बगूनच उतरला असंल त्यो. माजी नोकरी जाईल, म्हनला."

ठकुबाईनं बांगड्या काढलेल्या मनगटावरून हात फिरवला. तिनं तळतळाट दिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"सोयऱ्याच्या घरी बी त्ये उंबऱ्यापाशीच बसायचे," ती म्हणाली. मग तिनं मान वर करून विचारलं, "मंग, ऱ्हायली न्हवं नोकरी?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"ऱ्हायली," भिमाजी म्हणाला.

आतून रंगरावांचा आवाज आला, "भिमाजी, गाडी काढ. साहेबांचे पाहुणे चिंचवड स्टेशनात खोळंबलेत."

"आलो जी," भिमाजी म्हणाला आणि उठला. दार अरुंद होतं. ठकुबाईनं पाय आखडून घेऊन त्याला वाट करून दिली.