चक्कीचा चढ

“परत चेन पडली?”

ओर्फानं मान वर न करता विचारलं. शेडच्या दारात व्हर्लिन ईश उभा होता. एका हातात सायकल, दुसरा हात मनगटापर्यंत काळा. हॅट मागं सरकलेली आणि दाढीत घाम.

“परत. चक्कीच्या चढावर, त्याच जागी.”

“त्याच जागी पडते म्हणजे शहाणी आहे की. पत्ता चुकत नाही.”

व्हर्लिन हसला. ओर्फा हसली नाही. तिनं सायकल गोणपाटावर उलटी केली, पायडल हातानं फिरवत फिरवत आणलं आणि तिला हवं तिथं थांबवलं. मागच्या चाकाचे नट सैल केले, चाक मागं ओढलं, पुन्हा नट आवळले.

“दाब.”

त्यानं अंगठ्यानं चेन दाबून पाहिली. “ताठ आहे गं.”

“मग झालं तर.”

“पण मागच्या वेळीही ताठच होती. मग पडते कशी?”

“ते तिला विचार. तिच्याबरोबर चालत जातोसच ना घरी.”

ओर्फा खोटं बोलत नव्हती. ह्या सगळ्या प्रकरणात ती एक अक्षर खोटं बोलली नाही, ह्याचा तिला अभिमानही होता. सायकलीच्या पुढच्या दात्यांच्या चाकाला बाक आला होता, दुखणं एवढंच. त्यामुळे पायडलच्या अर्ध्या फेरीत चेन ताठ व्हायची आणि उरलेल्या अर्ध्या फेरीत तिला झोल पडायचा. पायडल एकदा पुरतं फिरवून पाहिलं असतं तर शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं. पण व्हर्लिनचा जन्म घोड्यांना नाल ठोकण्यात गेलेला. सायकलीतलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. ओर्फा ताठ बाजूला पायडल थांबवायची आणि तिथंच त्याला दाबायला सांगायची. सपाट रस्त्यावर सायकल सुतासारखी चालायची. त्या सगळ्या मुलखात चढ म्हणावा असा एकच, जुन्या चक्कीचा. तिथं गडी पायडलवर उभा राहून जोर लावायचा आणि झोलाच्या बाजूला चेन हमखास उतरायची. एकदा उतरली की दात्यांत अशी अडकून बसायची की घरापर्यंत ढकलण्यावाचून गत्यंतर नसे.

भावाच्या शेडमध्ये ओर्फा कितीतरी वर्षं सायकली दुरुस्त करत होती. त्यांच्या अमिश मंडळीत, म्हणजे अमेरिकेतल्या त्या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथात, मोटार चालत नाही, सायकल चालते. त्यामुळे शाळेच्या बाईंपासून बिशपच्या सुनेपर्यंत सगळ्यांच्या सायकली तिच्या हाताखालून जात. नादुरुस्त सायकल तिनं आजवर कुणाला दिली नव्हती. व्हर्लिनला दिली. आणि तिला बरं वाटलं. कशाला लपवा, फार बरं वाटलं.

कारण तसंच होतं. वयात आली तेव्हा ओर्फाचं लग्न फ्रीमन होश्टेटलरशी ठरलं होतं. लग्नाच्या पंगतीला लागणाऱ्या शेलरीच्या भाजीचं पीकसुद्धा आईनं जादा लावलं होतं, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना न सांगता कळलं होतं की ह्या घरी यंदा लग्न आहे. आणि त्या उन्हाळ्यात व्हर्लिननं चारचौघांत फ्रीमनला सांगितलं की ओर्फा मंडळीबाहेरच्या एका मुलाबरोबर मोटारीतून शहरात हिंडते, आपण डोळ्यांनी पाहिलंय. फ्रीमन एका शब्दानं काही न विचारता विस्कॉन्सिनला निघून गेला. तिकडेच त्यानं लग्न केलं. इकडे बोलणी मोडली ती मोडलीच. एकदा मोटारीचा डाग लागलेल्या मुलीकडे दुसरा कोण येतो? शेलरी त्या थंडीत घरच्यांनीच खाल्ली, सूप करून करून.

पुढं खूप वर्षांनी व्हर्लिनला उपरती झाली. रविवारच्या उपासनेनंतर मंडळीसमोर गुडघे टेकून तो म्हणाला, “मी एका बहिणीविषयी खोटं बोललो.” नावही घेतलं नाही. क्षमा करायची का, म्हणून पुरुषांना विचारलं, मग बायकांच्या बाकांवर एकेकीला विचारत आले. ओर्फापाशी आले तेव्हा तिनंही “हो” म्हटलं. दुसरं काय म्हणणार होती? त्या दिवसापासून विषय मिटला. गुडघे टेकून कबूल केलेली चूक पुन्हा जो उकरून काढील, दोष त्याचाच. असा त्यांचा नियम. म्हणजे तोंड काळं केलं त्यानं आणि तोंड बंद झालं हिचं.

तिला फार काही नको होतं. त्यानं तिच्यासमोर उभं राहून, तिचं नाव घेऊन, एकदा सांगावं की तू त्या मोटारीत नव्हतीस. एवढं एक वाक्य. ते ह्या जन्मात मिळत नाही म्हटल्यावर तिनं चेनवर समाधान मानलं.

फ्रीमनवर मात्र ती कधी रागावली नाही. तो बिचारा फसला, असंच ती धरून चालली होती. दोघांनाही एकाच माणसानं बुडवलं; मग आपण दोघं एकाच बाजूचे. गेल्या वसंतात तो वारल्याची बातमी विस्कॉन्सिनहून आली, तेव्हा ती ओट्याशी बटाटे सोलत होती. ती सोलतच राहिली. नात्यानं कोण लागत होती म्हणून रडणार?

त्यानंतर आठवडाभरानं व्हर्लिन पहिल्यांदा सायकल घेऊन आला होता.

“त्याला गावात दुसरं दुकान नाही का गं?” भावजय विल्मा म्हणायची. “तुझ्या हाताला यश नाही हे एव्हाना त्याला कळायला हवं. त्याची बायको धुण्याच्या दिवशी मला म्हणाली, ह्यांच्या विजारीवरचे डाग निघता निघत नाहीत.”

“व्हिनेगर लाव म्हणावं.”

“लावलं. नाही निघत.”

“अरेरे,” ओर्फा म्हणायची, आणि त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे.

आज मात्र नट आवळून झाले तरी व्हर्लिन हलेना. हॅट काढून तो हातात फिरवत राहिला.

“ओर्फा, तुझ्या मनात माझ्याविषयी काही आहे का?”

“मंडळीनं मिटवलंय. मिटलेलं उकरायचं नसतं.”

“मला नको नियम सांगूस. दर वेळी बोलायला म्हणून येतो, आणि चेन दाखवून परत जातो.”

ओर्फाच्या हातातला पाना थांबला. “मग आज बोल.”

“मोटारीत तू नव्हतीस. मला माहीत होतं.”

“कोण नव्हतं? नाव घे.”

“ओर्फा लॅम्ब्राइट. तू नव्हतीस. मी खोटं सांगितलं.”

इतकी वर्षं तिला वाटत होतं की हे ऐकलं की आपण त्याला चार शब्द सुनावू. शब्द तयारही होते. पण छातीवरचं काहीतरी एकदम उतरलं आणि ती नुसतीच उभी राहिली. तिथंच थांबली असती तर बरं झालं असतं.

“का रे पण? मी तुझं काय घोडं मारलं होतं?”

व्हर्लिननं खाली पाहिलं. “काही नाही. फ्रीमन म्हणाला होता तसं सांग म्हणून.”

“काय म्हणाला होता?”

“विस्कॉन्सिनच्या एका मुलीशी त्याचं जमलं होतं. ठरलेलं लग्न मोडायचं तर कारण हवं, आणि दोष अंगावर नको. माझा जिवलग होता तो. मी एकोणीस वर्षांचा गाढव, दिलं सांगून चारचौघांत. त्याचं नाव कधी घेणार नाही असं वचन दिलं होतं. आता तो गेला, म्हणून...”

शेडच्या मागं भावाची घोडी खूर आपटत होती. ओर्फानं पाना बाकड्यावर ठेवला.

“म्हणून आलास.”

“मला वाटलं, तुला खरं कळावं.”

“तुला मोकळं व्हायचं होतं,” ओर्फा म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण व्हर्लिन एक पाऊल मागं सरला. “एकदा गुडघे टेकून मोकळा झालास, आज इथं दुसऱ्यांदा. खोटं बोलून माझा नवरा नेलास तू, आणि खरं बोलून माझा मेलेला माणूस नेलास. तेवढा एक राहिला होता, व्हर्लिन.”

व्हर्लिननं हॅट पुन्हा डोक्यावर घातली.

“इकडे ये. बघ.” तिनं पायडल धरलं आणि सावकाश एक पुरी फेरी दिली. चेन ताठ झाली, मग बोटभर खाली लोंबली, मग पुन्हा ताठ झाली. “दिसतंय?”

त्यानं वाकून पाहिलं. पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग त्याच्या ध्यानात आलं.

“हे तुला माहीत होतं?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मी दर वेळी घरापर्यंत ढकलत नेली गं.”

“बघत होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चक्कीचा चढ दिसतो.”

व्हर्लिननं मान हलवली. “बरं केलंस.”

“तुझ्या शाबासकीची मला गरज नाही. सरक.”

तिनं बाकलेलं दात्यांचं चाक काढलं. आढ्याला टांगलेल्या मोडक्या सायकलीचं धड चाक उतरवलं, पुसलं, बसवलं. चेन चढवली, पायडल फिरवलं, सगळीकडून सारखा झोल येईतो मागचं चाक केसभर पुढं, केसभर मागं करत राहिली. इतकं मन लावून तिनं कुणाच्या सायकलीचं काम केलं नव्हतं. तो तिष्ठत उभा होता. तिनं त्याला बस म्हटलं नाही.

“ही आता पडणार नाही,” सायकल सरळ करत ती म्हणाली. “म्हणजे तुला इथं यायचं कारण नाही. टायर फुटला तरी गावात जा. मंडळीत काय सांगायचं ते खुशाल सांग. मी माझं बघून घेईन.”

“ओर्फा...”

“जा.”

तो गेला. ती घरात आली आणि ओट्यापाशी खिडकीत उभी राहिली. विल्मा शेजारी पिठाच्या शेवया कापत होती. लांबवर काळी हॅट सपाट रस्त्यानं सरकत चक्कीपाशी पोचली. व्हर्लिन पायडलवर उभा राहिला. एवढं होऊनही ओर्फाच्या मनात आलं, पड. चेन पडली नाही. हॅट वर वर गेली, माथ्यावर क्षणभर दिसली आणि पलीकडे उतरली.

“अगंबाई, चढला की आज!” विल्मा म्हणाली. “ह्या खेपेला धड केलीस वाटतं.”

“हो.”

शेवया कापून झाल्या, पाण्याला उकळी आली. ओर्फा अजून खिडकीतच होती. रस्ता मोकळा पडला होता.

“चढला म्हणते ना तो,” विल्मा म्हणाली. “आता कुणाची वाट बघतेस?”

“कुणाची नाही,” ओर्फा म्हणाली, आणि हात धुवायला पंपाकडे गेली.