पातळ ओतलेल्या प्लेटी

तुर्भे, १९८८. बेडकाच्या कातडीतलं पेप्टाइड, म्हणजे एक छोटं प्रथिन, औषध म्हणून गळवाचे जंतू मारतं का, एवढंच कंपनीला पाहायचं होतं. समुद्री शेवाळाचा आगर शिजवून प्लेटीत जेलीसारखा थिजवायचा, त्यावर जंतू पसरायचे, मध्ये औषधाचा थेंब. दुसऱ्या दिवशी थेंबाभोवती जंतू मेलेलं स्वच्छ वर्तुळ दिसतं. ते जितकं मोठं, तितकं औषध जालीम.

२३ मिलिमीटर. २४ मिलिमीटर.

प्रयोगशाळेचे प्रमुख नंदकिशोर साहेब, त्यांची वर्तुळं कायम मोठी, कारण ते आगरचा थर पातळ ओतायला लावत. पातळ थरात औषध लांब पळतं. ओतायची त्यांची मदतनीस सुनीतीच.

० मिलिमीटर.

मागच्या वर्षी सगळ्या प्लेटींवर बुरशी आली, एकही वर्तुळ दिसेना. साहेबांनी खिडकी उघडून प्लेटी सुकवल्या होत्या. अहवालात मात्र लिहिलं : काच धुणाऱ्या बाईच्या हातांवरचे फोड.

काच धुणारी म्हणजे सानपाडा गावची गोजरामावशी. कामावरून काढून हिशेब हातात दिला तेव्हा एवढंच म्हणाली, "माजे हातान काय नाय, तुला ठावं हाय ना गो?"

सुनीतीला ठाऊक होतं. पण कायम व्हायला दोन महिने उरले होते. ती खाली मान घालून प्लेटी पुसत राहिली.

आता ती कायम झाली होती. आणि मान खाली घालून घालून दुखायला लागली होती.

दिल्लीहून डॉक्टर अरुणा तपासणीला यायच्या होत्या. वर्तुळं लहान करायला औषधात पाणी घालणं सोपं होतं, पण तसं केलं तर दोष औषधावर जाऊन साहेब सुटले असते. सुनीतीने औषधाला हात लावला नाही. दोन ट्रे केले. एकात पुस्तकात दिलेला पूर्ण थर, दुसऱ्यात साहेबांचा.

११ मिलिमीटर.

अरुणाबाईंनी पुन्हा मोजलं. अकराच.

"सुनीती, काय गोंधळ घातलास?" साहेब खेकसले.

"पुस्तकातला थर ओतला, सर. तुमचा ह्या ट्रेमध्ये आहे. थेंब तोच."

अरुणाबाईंनी दुसरा ट्रे मोजला. चोवीस. "हे कधीपासून चाललंय?"

"दोन वर्षं. मीच ओतते. आणि ती बुरशी उघड्या खिडकीतून आली होती, बाई. गोजरामावशीच्या हातांतून नाही."

साहेब दात आवळून म्हणाले, "अक्कल आहे का? तुझीपण नोकरी जाईल."

"जाऊ दे ना, सर. सोबतच जाऊ."

अरुणाबाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "ह्याला जबाबदार कोण, त्यांची नावं लिही." सुनीतीने आधी साहेबांचं नाव लिहिलं, खाली आपलं. साहेबांचं जरा मोठ्या अक्षरात.