सहा फुटी चाक

या व्यवहारात सगळ्यात मोठी कमाई मुलाची होणार होती: एक अख्खी खोली. सुनेला मिळालं असतं खिडकीखाली एक टेबल. म्हाताऱ्याला नवं काहीच नको होतं. आहे ते राहावं, एवढंच.

आहे ते म्हणजे एकोणीस लाकडी पॅटर्न. फाउंड्रीत त्याने जन्मभर तेच बनवले. पॅटर्नचा वाळूत ठसा घ्यायचा, ठशात लोखंड ओतायचं. फाउंड्रीला कुलूप लागलं तेव्हा चाकं, कप्प्या, पंपांची पोटं असं सगळं तो घरी घेऊन आला आणि खोली भरली.

"बाबा, यातला एक तरी घरात वापरून दाखवा," मुलगा म्हणाला. "रविवार संध्याकाळपर्यंत. जमलं तर बाकीचेही राहतील. नाहीतर सरपणवाल्याला सांगून ठेवलंय."

शब्द पाळायची वेळ येणारच नाही, अशी खात्री असली की माणूस उदार होतो. रविवारी सकाळीच मुलाने अठरा पॅटर्न तीन जिने उतरवून फाटकाशी रचून ठेवले.

उरलेला एक म्हणजे अर्धं दातेरी चाक. सरळ बाजू खिडकीकडे, दात खोलीकडे, खाली लोखंडी पाय. झालं टेबल.

"जागा किती गं?"

सुनेने दोन भिंतींमध्ये टेप धरली. "बरोबर सहा फूट, बाबा."

"आणि हे सहा फुटी चाक." म्हाताऱ्याने आपल्या पोलादी पट्टीने मोजूनही दाखवलं. केसाचा फरक नाही.

चार वाजता टेबल सरकवलं, आणि ते अडलं.

"टेप हलकी आहे तुझी."

सुनेने टेप चाकावर धरली: सहा फूट पाऊण इंच. मग पट्टी टेपशेजारी ठेवली. "बाबा, तुमचा फूट जरा लांबच आहे की!"

म्हातारा पट्टी हातात घेऊन खाली बसला. लोखंड थंड होताना आक्रसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात, आणि त्यासाठी पट्टीच मुळात मोठी असते. सहा फुटी होतं ते ओतलेलं चाक, लाकडाचं नव्हे. चाळीस वर्षं वापरलेला फूट घरातही फूटच, असं तो धरून चालला होता.

मुलाचा चेहरा उजळला. "मग दोन्हीकडचे दात तासा थोडे."

"दात तासलेलं चाक फिरत नाही."

"टेबलाला कुठे फिरायचंय, बाबा?"

"तुझी जीभ फिरतेय तेवढी पुरे." म्हातारा उठला, पटाशी घेतली आणि भिंतीला लावली.

"अहो बाबा, भिंत!" मुलगा ओरडला.

"पाऊण इंच म्हणजे सहा सूत. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. गिलावा चांगला चार सुतांचा आहे."

"आणि मोजणार कशाने?" सुनेने विचारलं.

त्याने पट्टी खिशात घातली आणि हात पुढे केला. "आण तुझी टेप. चुकलो मी."

अकरा वर्षांच्या संसारात सुनेने हा शब्द सासऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. तिने दुसरी पटाशी उचलली आणि उजवी भिंत धरली. पावणेसहाला टेबल असं बसलं की फटीत कागद जाईना.

भिंतीने भरले सहा सूत. सुनेने डोकंभर धूळ. म्हाताऱ्याने एक 'चुकलो'. आणि खोली कमवायला निघालेल्या मुलाने भरल्या जिन्याच्या अठरा फेऱ्या, खालून वर.