अजगरीणबाईंचा बंगला

आमच्या पलंगावरचं छप्पर तीन पावसाळे गळतंय. तिथे मी एक पातेलं ठेवते. सेकारच्या घराला मात्र नवं छप्पर, नवी जाळी, नवी काच. नशीब घेऊन जन्माला यावं लागतं म्हणतात. माझं बहुतेक वाटेत कुठेतरी सांडलं.

सेकार म्हणजे माझ्या नवऱ्याची, सुगितोची, अजगरीण. लांबलचक, स्वभावाने गरीब, आणि दर तीन आठवड्यांनी एक कोंबडी एवढंच तिचं मागणं. सुगितो कापडगिरणीतून निवृत्त झाला त्याच महिन्यात तिला घेऊन आला. तेव्हापासून तो बोलतो ते तिच्याशी. माझ्याशी बोलायचे विषय दोन, मीठ आणि चहा. "आज डोळे निळसर दिसतायत गं, कात टाकणार वाटतं," असं तो तिला किती प्रेमाने म्हणतो! माझे डोळे हिरवेजांभळे झाले असते तरी त्याला चहाच हवा असता.

म्हणून एक दिवस गल्लीच्या मुखियांच्या बायकोच्या, बू दार्मोजोच्या, अंगाचं माप घेताना मी सहज म्हटलं, की काल सेकार तिच्या पेटीचं झाकण ढकलून न्हाणीघरात जाऊन बसली होती. मी शिवणकाम करते. गल्लीत बातमी पोचवायला मला एका बाईचं माप पुरतं. दुसऱ्या दिवशी मुखिया पाक दार्मोजो दारात उभे. आमच्याकडे बाप्याला पाक म्हणतात आणि बाईला बू, तेही नवऱ्याच्याच नावाने.

"पाक सुगितो, दोन आठवडे देतो. कुलूपवालं पक्कं घर बांधा. मी स्वतः येऊन बघणार. नाही पटलं तर जनावर प्राणिसंग्रहालयात जाईल."

मी आत जाऊन समाधानाने सुई ओवली. ज्या माणसाने तीन वर्षांत छपराचं एक कौल सरकवलं नाही, तो दोन आठवड्यांत काय दिवे लावणार होता?

सकाळी तो माझ्या मशीनपाशी आला. "बू, तुझी टेप देतेस?"

"मला वाटलं मीठ हवंय."

"सेकारची लांबी घ्यायचीय. घर निदान तिच्याएवढं लांब हवं."

सेकार काही सरळ पडून राहायला तयार नव्हती. मग आम्ही तिची जपून ठेवलेली कात अंगणात पसरून मोजली. सव्वाचार मीटर भरली. त्याने तेवढं घर आखलं आणि माझी मागची ओसरी सगळी त्यात गेली. पाया झाल्यावर शेजारच्या गावातला एक सापवाला आला आणि हसत सुटला. कात निघताना ताणली जाते म्हणे, सेकार असेल जेमतेम साडेतीन मीटर.

"ताणलेल्या कापडावर माप घेऊ नये, हे तुला कळायला हवं होतं," सुगितो म्हणाला.

"मला कळतं. तुम्ही तीन वर्षांत मला काही विचारलंय का?"

त्याने टेप गुंडाळून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "असू दे मोठं. तिला अंग मोकळं टाकता येईल."

आम्ही दोघं त्या पलंगावर पातेल्याच्या दोन बाजूंना कसे झोपतो, हे मी काढलं नाही.

पुढे रोज मी काच धरायला, तो खिळे ठोकायला. काच सरकती, पण तिला बाहेरून दोन कड्या आणि कुलूप, कारण अजगर दिवसभर नाकाने फट शोधत असतो. एका टोकाला उबेचा दिवा, तोही जाळीत, नाहीतर बाईसाहेब त्याला वेढा घालून भाजून घ्यायच्या. दुसरं टोक गार, म्हणजे जिथे बरं वाटेल तिथे जाऊन बसावं. माझ्या चुलीपाशी अशी सोय कुणी केल्याचं आठवत नाही. पाण्याचं टाकं ती अख्खी बुडेल एवढं. दडायच्या जागेसाठी त्याने माझ्या लग्नातल्या सागवानी पेटीकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याला फळ्या सापडल्या.

आणि या सगळ्यात तो बोलत होता. गिरणीतल्या गमती, आईची आठवण, काहीही. बाराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की हे घर पुरं व्हायला मला नको आहे. घर पसंत पडलं तर तो काचेसमोर बसणार आणि मी मीठ द्यायला उरणार. नापसंत पडलं तर तो कुणाशीच बोलणार नाही. हा खड्डा मीच खणला होता, तेही माप घेऊन.

पाहणीचा दिवस आला. आमच्याकडे नवं काही उभं राहिलं की शेजाऱ्यांना जेवू घालायचं, दुआ मागायची, पिवळ्या भाताच्या डोंगरापाशी अख्खी शिजवलेली कोंबडी ठेवायची. संडासासाठीही आम्ही हे केलं होतं, मग सेकारनेच काय घोडं मारलंय? कोंबडी यजमानाने हाताने फोडून वाटायची. सुगितोने ती मन लावून फोडली, मनगटापर्यंत हात माखवून. मग हात लुंगीला पुसून उठला, "चला, आता घर बघा" म्हणाला आणि कौतुकाने काच सरकवली.

सेकार तीन आठवड्यांची उपाशी होती. तिला कोंबडीचा वास आला, तिने कोंबडी धरली. यात तिचं काय चुकलं?

त्याचा पंजा तिच्या तोंडात आणि दंडापर्यंत दोन वेढे. पाहुणे नऊ होते. बघता बघता दाराशी नऊ जोड चपला उरल्या, आणि पाक दार्मोजो ताटासकट बाकावर चढले.

"बू," सुगितो हळूच म्हणाला.

"काय? मीठ?" माझ्या तोंडून गेलं. पण मला फार भीती वाटली. हा माणूस गेला तर मीठ मागायलाही कुणी उरणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

"ओढू नकोस, दात आत वळलेले असतात. शेपटीकडून सोडव."

मी शेपटीकडून एकेक वेढा उलगडला. मग लोणच्यासाठी आणलेल्या शिरक्याचे चार थेंब तिच्या तोंडाशी सोडले. तिने तोंड वाकडं केलं आणि हात सुटला. तिला आत लोटलं, काच ओढली, दोन्ही कड्या घातल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पाक दार्मोजो बाकावरूनच बोलले, "घर उत्तम आहे. कुलूप पक्कं आहे. बिघाड फक्त मालकात आहे. जनावर राहू दे, पण किल्ली बू सुगितोंकडे राहील. आणि काच उघडताना दोघंही हजर पाहिजेत."

आता रोज सकाळी तो पट्टी बांधलेला हात घेऊन मशीनपाशी येतो. "बू, किल्ली."

मी विचारते, कशाला. तो सांगतो, पाणी बदलायचंय. मग मी तिचे डोळे विचारते, तिची भूक विचारते, काल गिरणीची गोष्ट अर्धी राहिली होती ती विचारते.

किल्ली माझ्या कमरेलाच असते. तरी मी म्हणते, "बसा जरा, शोधते."