पिवळी बाटली

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. स्टँडवर पिवळीधमक बाटली टांगलेली होती आणि तिच्याखाली दम्यानं धापा टाकणारा एक शिंपी. घसा शुद्ध करायला म्हणून आधी त्याला मास्कमधून वाफ दिली गेली होती. आता शिरेत सुई होती आणि तिच्यातून महाराजांची 'धार' सुरू होती.

"हे औषध नाही, रक्तात सोडलेला सूर्य आहे!" धारवाले महाराज गरजले. वीस मिनिटांत शिंपी मोकळा श्वास घेऊ लागला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

तिसऱ्या रांगेतली नर्स टाळ्या वाजवत नव्हती. चार महिन्यांपूर्वी तिची ताई याच बाटलीखाली दगावली. "श्रद्धा कमी पडली," असं म्हणून महाराजांनी हात झटकले होते आणि भाऊजींना ते पटलं होतं. आज ते भाचीला घेऊन तिचं नाव नोंदवायला आले होते. तिलाही आईचाच दमा होता.

महाराजांची गचांडी धरावी असं नर्सला रोज वाटे. पण तिनं त्यांचा गर्वच पकडला. "आमच्या हॉस्पिटलात चाचणी होऊ द्या, प्रमाणपत्र मिळेल," असं तिनं सुचवलं आणि स्वारी हुरळून गेली. निकालही याच हॉलमध्ये वाचायचा, हा हट्ट त्यांचाच.

हॉस्पिटलचे म्हातारे डॉक्टर माइकपाशी आले. त्यांनी पाकीट फोडलं.

"चाळीस पेशंट, सगळ्यांच्या संमतीनं. नेहमीची वाफ आणि औषधं सगळ्यांना दिली. शिवाय वीस जणांना महाराजांची धार, वीस जणांना साधं सलाईन. बाटल्यांना काळा कागद. कुणाला काय लावलंय, हे पेशंटला, नर्सला, मला, चाचणी संपेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं."

"आणि माझे वीस आधी बरे झाले!" महाराज म्हणाले.

"दोन्हीकडचे सारखेच बरे झाले. तुम्ही बाटलीवर हात ठेवून 'ही माझी' म्हणून ओळखत होतात ना? चाळिसात एकोणीस वेळा चुकलात. नाणं उडवून सांगितलं असतंत, तरी एवढंच जमलं असतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"पण इथे लोक बरे होतात, त्याचं काय?" शिंप्यानं विचारलं.

नर्स उठली. "वाफेनं होतात, काका. महाराजांच्या मास्कमधलं उरलेलं पाणी आम्ही तपासून घेतलं. श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध आहे ते, प्रत्येक दवाखान्यात मिळतं. बाटलीत मिठाचं पाणी आणि पिवळं जीवनसत्त्व. टांगलेली बाटली सगळ्यांना दिसते, मास्ककडे कोण बघतो? महाराज, पुढच्या पेशंटला वाफ न देता नुसती धार लावाल?"

महाराजांनी रुमालानं कपाळ पुसलं. "असे खेळ मी करत नाही."

"केलात की! माझी ताई आली त्या दिवशी लाइट गेली होती. वाफेचं मशीन बंद होतं. हॉस्पिटल दहा मिनिटांवर असताना तुम्ही तिला नुसत्या बाटलीवर ठेवलंत."

भाऊजी उभे राहिले. "म्हणजे... तिची श्रद्धा कमी पडली नव्हती?"

"नाही भाऊजी. तिला औषध मिळालं नाही."

महाराज मागच्या दाराकडे वळले, तर तिथे नर्सनं आधीच बोलावलेले पोलीस उभे होते. महाराजांना नेताना नर्सला मनापासून आनंद झाला. तो तिनं लपवला नाही आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

धाप लागली की हॉस्पिटल गाठा. आणि कुणी चमत्काराची बाटली दाखवली, तर ती नसती तर काय झालं असतं, एवढं विचारा. ताईच्या वेळी हे कुणीच विचारलं नव्हतं.

भाऊजींनी लेकीचा फॉर्म फाडला. "चल," ते तिला म्हणाले, "मावशीच्या हॉस्पिटलात जाऊ."