दुसऱ्या आवाजाची फुआतिनो

फुआतिनो टीव्हीवर पहिल्यांदा दिसली तेव्हा तिनं गाणं गायलंच नव्हतं. गाण्याखालचं गाणं गायलं होतं. आमच्या बेटावरच्या फागालेमु गावात हे शेंबड्या पोरालाही कळलं. ऑकलंडच्या परीक्षकांना तेवढं कळलं नाही.

आमच्याकडे कुणी एकटं गात नाही. गाऊ नये असा नियम नाही, पण जमतच नाही. एखादी धुणं आपटता आपटता ओळ सुरू करते, शेजारच्या घरातून दुसरी तिच्याखाली आपला सूर सरकवते, आणि पलीकडे नारळ सोलणारा कुणी बाप्या खर्जात तळ धरतो. आमच्या घरांनाच भिंती नाहीत, सुरांना कुठून असणार? रविवारी चर्चमध्ये हेच सगळं पांढरे कपडे घालून होतं. पहिला आवाज चाल गातो. दुसरा आवाज तिच्या कुशीत शिरून चालतो. पुरुष जमीन होतात. फुआतिनो आणि मी, लेपेका, दुधाचे दात पडले तेव्हापासून दुसऱ्या आवाजात, एका चटईवर, मांडीला मांडी लावून.

मग तिच्या आत्याला ऑकलंडमध्ये बाळ झालं आणि ते सांभाळायला फुआतिनो तिकडे गेली. बाळ सांभाळता सांभाळता ती जे गुणगुणायची ते थोरल्या आतेभावानं, एनेलिकोनं ऐकलं आणि तिला ‘नवा सूर’ नावाच्या स्पर्धेच्या रांगेत नेऊन उभं केलं. तिनं साऱ्या जगाला पाठ असलेलं एक भजन निवडलं. तोंड उघडलं, तर बाहेर आला दुसरा आवाज! तिला मूळ चाल येत नव्हती असं नाही. पण डावखुऱ्याचा डावाच हात आधी पुढे यावा, तसं झालं. वर आणखी, प्रत्येक ओळीनंतर ती थांबायची. तिथं पुरुषांचा जबाब येतो ना! जबाब काही येईना. एकदा तर तिनं मागं वळून पाहिलं. मागं नुसता निळा पडदा.

“ही शांतता!” परीक्षकांतल्या एकीनं डोळे पुसले. “इतकं ओळखीचं गाणं इतकं अनोळखी करून दाखवायचं धाडस मी आजवर पाहिलं नव्हतं.”

इकडे पाद्रीबाबांच्या ओसरीवर अख्खं गाव त्यांच्या टीव्हीसमोर बसलेलं. आम्हाला राहवेना. पहिल्या आवाजाच्या मुलींनी टीव्हीकडे तोंड करून चाल धरली. जिथं ती थांबली तिथं पुरुषांनी जबाब भरला. आतली फुआतिनो आणि बाहेरचे आम्ही मिळून ते गाणं कसंबसं पुरं केलं.

पुढं दर आठवड्याला तेच. कार्यक्रम नेमका संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी यायचा. शंख वाजला की गावात चिटपाखरू रस्त्यावर फिरत नाही, ज्यानं त्यानं आपल्या घरी बसून देवाचं नाव घ्यायचं. पंचांची बैठक बसली. चहा झाला, कोको झाला, शेवटी सर्वांत म्हातारे पंच म्हणाले, “शंख आधी वाजवा. देव थोडा लवकर येईल, जाहिराती काही थांबणार नाहीत.” तसा शंख दिवस मावळायच्या आत वाजू लागला आणि कोंबड्या गोंधळल्या.

तिकडे तिला पहिला आवाज शिकवला. हनुवटी वर, डोळे कॅमेऱ्यात, ओळीच्या शेपटाला गिरकी. फोनवर मला म्हणायची, “लेपेका, माझ्यामागं तिघी उभ्या करतात गायला. चांगल्या गातात. पण माझ्याकडे बघत नाहीत गं. मी चुकले तरी हसत नाहीत.”

“मग तू कुणाकडे बघतेस?”

“कॅमेऱ्यावरच्या एका लाल दिव्याकडे.”

ती तिसरी आली. गावानं तीन डुकरं कापली. पहिली आली असती तर किती कापली असती, यावर आजही भांडणं होतात.

त्यानंतरचं वर्ष ती दुकानांच्या उद्घाटनात, रग्बीच्या सामन्याआधी आणि श्रीमंतांच्या लग्नांत गायली. मग ‘नवा सूर’चा पुढला हंगाम आला, नवी तोंडं आली, आणि फुआतिनोचा फोन वाजायचा कमी झाला. एका सकाळी ती फेरीबोटीतून धक्क्यावर उतरली, डोळ्यांवर काळा चष्मा लावून.

“काय बाईसाहेब,” मी म्हटलं, “ओळख आहे का गरिबांची?”

“आवाज ओळखीचा वाटतो,” ती म्हणाली. “तोंड काही आठवत नाही.” आणि गळ्यात पडली ती चष्मा वाकडा होईपर्यंत.

नव्या चर्चच्या उद्घाटनाची तयारी चालली होती. आमचे गाणं बसवणारे पेसामिनोकाका. ते दिवसभर गावची बस चालवतात आणि संध्याकाळी आम्हाला. बस हाकताना त्यांनी या सोहळ्यासाठी नवं गाणं रचलं होतं:

लाट येते, लाट जाते, वाळू राहे ओली
तशी तुझी बोली, माझ्या कानी

फुआतिनो पहिल्याच तालमीला आली आणि थेट माझ्या शेजारी चटईवर बसली. काकांनी हात वर केला. पहिला आवाज उठला, आम्ही खालून शिरलो. दुसरी ओळ संपेपर्यंत मला वाटलं, वा, काय गातेय ही! तिसऱ्या ओळीला कळलं की तेवढी एकटीच गातेय. माझ्यासकट अख्खी रांग तोंड बंद करून तिच्याकडे पाहत होती. कुणी फोन वर धरला होता.

“तू का थांबलीस?” तिनं मला कोपरानं ढोसलं.

“ऐकत होते.”

“मी ऐकवायला आलेय का?”

दुसऱ्या दिवशी तिनं आवाज बारीक केला. आम्ही आणखी गप्प झालो, बारीक आवाज नीट ऐकायचा तर जांभईसुद्धा देऊन चालत नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम चुकीचा सूर लावला. त्यावर पाद्रीबाबांच्या बायकोनं माझ्या कानात सांगितलं, “हे तिकडचं नवीन असतं.” आणि तिच्यासाठी एक खुर्ची आणवली. चटईवरच्या माणसांत ती खुर्ची अशी दिसत होती की शेवटी तिच्यावर एक मांजर जाऊन बसलं.

काकांनी तर निकालच लावला. “पहिलं कडवं फुआतिनो एकटी गाईल. माइकसमोर, उभी राहून.”

“काका, मला खाली बसू द्या ना, लेपेकाजवळ.”

“बस की! गाऊन झाल्यावर बस. आजूबाजूची सगळी गावं येणार आहेत, पोरी. टीव्हीवरच्या बाईला मी रांगेत कोंबलं तर उद्या माझ्या बसमध्ये कुणी बसायचं नाही.”

त्या दिवशी आम्ही दोघी समुद्रात पाय सोडून खडकावर बसलो.

“घरी प्रार्थनेलासुद्धा तसंच,” ती म्हणाली. “मी गायला लागले की आई थांबते आणि हात जोडून मलाच बघत बसते. अगं, देव राहिला बाजूला! एनेलिकोनं एक काम पाहून ठेवलंय. मोठ्या जहाजावर, पाहुण्यांची जेवणं चालू असताना गायचं. मी त्याला सांगितलंय, उद्घाटन झालं की कळवते.”

“म्हणजे जाणार तू?”

“तिकडे एकटी गायले तर ते काम असतं, लेपेका. इथं तुम्ही सगळे समोर असताना एकटी गायले तर...” तिनं पाय पाण्यातून वर घेतले. “तुमच्यातच राहता आलं नाही तर इथं राहून काय करू? उद्घाटनाच्या दिवशी पण तुम्ही मला नुसतं बघतच बसलात, तर मी जाईन.”

मी सगळ्यांना सांगत सुटले. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि पुढच्या तालमीला, ती गायला लागल्यावर, पुन्हा सगळे गप्प. मीसुद्धा. काय करणार? आपलं माणूस इतकं छान गातं, आणि आपण तिच्या आवाजावर आपला आवाज कसा टाकायचा? आदर असा घशातच बसतो.

सोहळ्याच्या सकाळी उमुच्या, म्हणजे आमच्या दगडी भट्टीच्या, तापल्या दगडांचा धूर गावभर पसरला होता. बायका पांढऱ्याशुभ्र, टोप्या डोक्यावर, फुलांचे हार गळ्यात. पाहुण्या गावांचे गायक ओळीनं चटयांवर बसले. सर्वांत पुढं वाइतासी गावचे, आणि त्यांच्या पुढं त्यांची मेलेसाला म्हातारी, हातात पंखा. वाइतासी आणि आम्ही गाण्यात एकमेकांना पाण्यात पाहतो. ते कधीपासून, ते दोन्ही गावांत कुणाला माहीत नाही.

फुआतिनो माइकसमोर उभी राहिली. हनुवटी वर गेली, डोळे दूर कुठंतरी लागले. लाल दिवा शोधत असावी. तिनं पहिलं कडवं उचललं. सुंदर म्हणजे किती सुंदर! फोन वर गेले. आमच्या गावचे चाळीस गळे मिटलेले, आणि चाळीस चेहऱ्यांवर बाळाची आंघोळ बघताना असतं तसलं हसू.

कडवं संपलं. शांतता. त्या शांततेत मेलेसालाचा पंखा थांबला.

“काय रे फागालेमुवाल्यांनो,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “गळे घरी वाळत घालून आलात काय? की एका पोरीच्या जिवावर चर्च बांधलंत?”

मागून त्यांचा एक खर्जवाला बोलला, “राहू दे आजी, टीव्हीवाल्यांचं गाव आहे ते. ते गात नाहीत. बघतात.”

सगळी गावं हसली. आमचे पंच हसले नाहीत. पेसामिनोकाकांचा हात हवेतच राहिला, कान लालबुंद. बघतात? आम्ही? आम्ही बघतो?

फुआतिनोनं माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं होतं कोण जाणे, पण तिला हसू फुटलं. तिनं माइक बंद केला, तो पाद्रीबाबांच्या हातात दिला, तरातरा आमच्या रांगेत आली आणि म्हणाली, “सरक.”

“जागा कुठंय?”

“कर ना! माझी होती ती काय भाड्यानं दिलीस?”

मी सरकले, माझ्यामुळे पलीकडची सरकली, रांग शेवटपर्यंत हलली. फुआतिनो मध्ये घुसून बसली. “काका,” तिनं हाक दिली, “दुसरं कडवं घ्या. आणि जरा वरून घ्या, वाइतासीवाल्यांना कमी ऐकू येतं.”

काकांचा हात खाली आला, आणि आम्ही गायलो. आदरबिदर कुठल्या कुठं गेला. त्या वेळी आम्हाला फक्त वाइतासी दिसत होतं. पहिला आवाज छपराला लागला, पुरुषांनी नवी फरशी हलवली, आणि आम्ही दुसऱ्या आवाजाच्या बायकांनी मधली सारी जागा भरून टाकली, कुठं फट म्हणून ठेवली नाही. फुआतिनो कुठली ओळ कशी गातेय याचं मला भान नव्हतं. तिच्या खांद्याचा घाम तेवढा माझ्या खांद्याला लागत होता. एकदा मी चुकले. ती फिस्सकन हसली. तिसऱ्या कडव्याला वाइतासीवाल्यांना राहवेना. शब्द माहीत नसताना तेही खालून शिरले, आणि मेलेसाला तर आमच्याहून मोठ्यानं गात होती.

नंतर जेवणं चालली होती. एनेलिकोचा फोन मला आला, कारण फुआतिनोचे हात तारोच्या कंदानं आणि नारळाच्या दुधानं माखलेले होते.

“व्हिडिओ बघितला,” तो करवादला. “इकडे सगळे विचारतायत. पहिल्या कडव्यानंतर ही गेली कुठं? इतका गोंधळ, हिचा आवाजच सापडत नाही!”

मी तिला सांगितलं. ती घास घेता घेता थांबली.

“काय म्हणाला?”

“तुझा आवाज सापडत नाही म्हणे.”

“परत सांग.”

मी परत सांगितलं. मग फोन तिच्या कानाला धरला, कारण तो जहाजवाल्यांना काय कळवू म्हणून ओरडत होता.

“कळव ना,” फुआतिनो म्हणाली. “आम्ही चाळीस जणं आहोत. मावत असू तर येतो.”

तिनं मान फिरवली, आणि माझ्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा मला न विचारता उचलला.